डोहाळजेवणानंतरचा अंक कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाटकाच्या प्रेक्षकांचे सरासरी वय वाढत चालले आहे आणि तिशी-पस्तिशीची जोडपी नाट्यगृहाकडे फिरकेनाशी झाली आहेत, अशी चिंता आपल्या रविवारच्या पुरवणीत व्यक्त झाली होती. तिकिटांचे दर, मोबाइल, मालिका, गाडी लावायला जागा नसणे ही त्यात दिलेली कारणे खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. मी स्वतः याच वयोगटातली, पाच वर्षांच्या मुलीची आई आहे आणि लग्नाआधी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर हौसेने कामे केली आहेत. त्या अनुभवावरून मला आणखी एक कारण दिसते आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ज्यांच्या कडेवर सध्या मूल आहे, अशा आईबापांचे आयुष्य आपल्या नाटकात जवळजवळ नाहीच. मूल होण्याआधीची माणसे तिथे आहेत, मुले मोठी होऊन निघून गेल्यानंतरची तर पुष्कळच आहेत. मधली आठ-दहा वर्षे मात्र कुणीतरी कात्री लावावी तशी गाळलेली आहेत.

ही कात्री आजची नाही. आपल्या शहरातले मुख्य नाट्यगृह ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या महाकवी कालिदासांनीच ती आधी वापरली. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात गर्भवती शकुंतला आश्रमाचा निरोप घेते, पाचव्यात भर दरबारात तिला नाकारले जाते, सहाव्यात अंगठी सापडते आणि राजाला पश्चात्ताप होतो, आणि सातव्यात मारीच ऋषींच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा धीट मुलगा एकदम समोर येतो. त्या मुलाला पहिले दात आले तेव्हा त्याला ताप चढला असेल, रात्री त्याला घेऊन ती येरझारा घालत असेल, बाप कुठे आहे या प्रश्नाला रोज नवे उत्तर शोधत असेल. ही सगळी वर्षे अंक आणि अंक यांच्यामधल्या अंधारात गेली. शेवटच्या अंकात ती येते तेव्हा मळकट वस्त्रे आणि एकच वेणी एवढ्या खुणा तिच्या अंगावर आहेत. त्या विरहाच्या खुणा आहेत. एकटीने मूल वाढवल्याची खूण नाटककाराने कुठे ठेवलेली नाही.

भवभूतीच्या उत्तररामचरितात पहिल्या आणि दुसऱ्या अंकांच्या मध्ये तर चक्क बारा वर्षे जातात. नाशिककरांना हे नाटक जवळचे वाटायला हवे, कारण त्याचा तिसरा अंक आपल्या पंचवटीच्या परिसरात घडतो. कुश-लवांना बारा वर्षे पूर्ण झाल्याचा तो दिवस आहे. अदृश्य रूपात तिथे आलेल्या सीतेला मुलांची आठवण होते आणि इतक्या वर्षांनंतर तिला पान्हा फुटतो. अंगावरून सुटताच मुले वाल्मीकींकडे सोपवली गेली होती, त्यामुळे ती तिच्याजवळ वाढलेली नाहीत. संपूर्ण संस्कृत रंगभूमीत आईच्या एकटेपणाला इतके जवळून स्पर्श करणारी जागा मला तरी दुसरी ठाऊक नाही. पण ही आई मुले जवळ नसल्यामुळे एकटी आहे. मूल दिवसरात्र अंगावर असतानाही जी एकटी असते, तिच्यापर्यंत भवभूतीही गेला नाही.

आजच्या मालिका हीच परंपरा इमानेइतबारे पुढे चालवतात. डोहाळजेवण दोन आठवडे पुरते, त्यात चांदण्या रात्रीचे, झोपाळ्यावरचे, नावेतले असे सर्व प्रकार होतात, बारशालाही तीन-चार भाग मिळतात, आणि मग एके दिवशी पडद्यावर ‘सात वर्षांनंतर’ अशी पाटी येते व दोन वेण्या घातलेली चुणचुणीत मुलगी शाळेच्या बसमधून उतरते. ती सात वर्षे कुणी काढली, हा प्रश्न विचारायचा नसतो.

आपल्या रंगभूमीवर आईबापांच्या एकटेपणाचे नाटक नाही, असे मात्र कुणी म्हणू शकणार नाही. उलट त्यात ती फार श्रीमंत आहे. नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि अप्पासाहेब बेलवलकर व कावेरी यांनी घर देऊन टाकल्यानंतर काय भोगले ते मराठी घराघरांत पोचले. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मधले नाना-नानी एक मुलगा अमेरिकेत आणि दुसरा हवाई दलात अशा रिकाम्या घरात कुणाच्या तरी येण्याची वाट पाहत बसले. ही नाटके थोर आहेत आणि ती पाहून रडलेल्यांत मीही आहे. परंतु त्यांच्या यशामुळे एक पायवाट पडली आणि पुढचे लेखक तिच्यावरूनच चालत राहिले: आईबाप म्हणजे साठी ओलांडलेले, एकटेपण म्हणजे मुलांनी सोडून जाणे, आणि दोष बहुधा सुनेचा, जावयाचा किंवा परदेशाचा. या नाटकांतली मुले पस्तिशीची असतात. रंगमंचावर ती येतात ती घाईत, चिडलेली, घड्याळ पाहणारी. ती घाईत का आहेत, त्यांच्या घरी या क्षणी कुणाला ताप आहे, हे त्या नाटकाला कळत नाही, कारण नाटक म्हाताऱ्यांच्या खुर्चीत बसून लिहिलेले असते.

आता ती गाळलेली वर्षे प्रत्यक्षात कशी असतात, हे जरा तपशिलाने लिहिते, कारण नाट्यविषय म्हणून त्यांत दम नाही असा आक्षेप मी तालमीच्या खोल्यांत अनेकदा ऐकला आहे.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गोविंदनगर, गंगापूर रोड या पट्ट्यातल्या इमारतींमध्ये राहणारी बरीचशी तरुण कुटुंबे मूळची नाशिकची नाहीत. कुणी जळगावचे, कुणी धुळ्याचे, कुणी मालेगाव-सटाण्याकडचे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, दवाखान्यांत नोकऱ्या लागल्या म्हणून ती इथे आली. पहिले बाळंतपण माहेरी होते. तिथे शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, आंघोळ घालणारी बाई, उशाशी बसलेली आजी असे सगळे असते. तीन महिन्यांनी ती मुलगी बाळाला घेऊन नाशिकच्या फ्लॅटमध्ये परत येते, सोबत आलेली आई आठवडाभर राहून वडिलांच्या जेवणाची आबाळ होते म्हणून निघून जाते, आणि त्या दिवशी दुपारी दार लागल्यावर त्या घरात जी शांतता पसरते, तिच्याइतका नाट्यमय क्षण मला दुसरा माहीत नाही. दिवसभर तिच्याशी कुणी पूर्ण वाक्य बोलत नाही. तिला एकांतही नाही, कारण आंघोळीलासुद्धा दार उघडे ठेवून जावे लागते. संध्याकाळी आजी व्हिडिओ कॉलवर दिसते, बाळाला टाळ्या वाजवून दाखवते, ‘तू बारीक झालीस गं’ म्हणते, आणि पडदा काळा होतो.

कायद्याने प्रसूती रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली आहे. पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असेही त्याच दुरुस्तीत आहे. रजा बहुतेकींना मिळते. पाळणाघराचे कलम मात्र किती ठिकाणी पाळले जाते, हे नोकरी करणाऱ्या कोणत्याही आईला विचारावे. सत्ताविसाव्या आठवड्यातल्या सोमवारी ती कामावर परत जाते, टेबलावर कुणीतरी पेढे मागते, आणि अकराच्या सुमारास अंगावरचा पदर ओला होऊ लागतो तेव्हा कुठे जावे हे तिला कळत नाही. सीतेला पंचवटीत फुटलेला पान्हा काव्याचा विषय झाला. हा झाला नाही.

बापांचेही काही वेगळे नाही, फक्त त्यांच्याकडे ते सांगायला शब्दही कमी आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत ती कायद्याने बंधनकारक नाही, मालकाच्या मर्जीवर आहे. आपल्याकडे पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन येणारे शेकडो पासधारक आहेत. गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर परत आणते. म्हणजे सोमवार ते शुक्रवार या माणसाला आपले मूल फक्त झोपलेले ठाऊक असते. शनिवारी सकाळी ते मूल त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहते आणि आईच्या गाऊनमागे लपते. तेव्हा तो हसतो, पण ते हसणे काय असते हे दाखवायला एक चांगला नट लागेल आणि एक चांगला लेखक. कारखान्यांतल्या पाळ्यांचे गणित याहून अवघड. तो तिसऱ्या पाळीवरून येतो तेव्हा ती पहिल्या पाळीला निघालेली असते, मूल जिन्यात या हातातून त्या हातात जाते, आणि नवरा-बायकोत आठवडाभर जे संभाषण होते ते ‘दूध वर ठेवलंय’ आणि ‘औषध दिलंस का’ एवढेच असते. यात खलनायक नाही, व्यसन नाही, विवाहबाह्य संबंध नाही. दोघेही चांगले आहेत, दोघेही दमलेले आहेत आणि दोघेही एकमेकांना चुकत चालले आहेत. नाटक यातून उभे राहत नाही, असे कोण म्हणेल?

या वर्षांच्या जवळ गेलेली मराठी नाटके आहेत, आणि त्यांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. दळवींचेच ‘नातीगोती’ घ्या. नोकरी करणारे काटदरे दांपत्य आणि त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू. घरात एक माणूस सतत हवे, म्हणून नवरा-बायकोच्या आयुष्याची झालेली वाटणी, शेजाऱ्यांच्या नजरा, आपल्यानंतर याचे काय ही कधी न संपणारी चिंता. मराठीत पालकपणाच्या एकटेपणावर लिहिलेले सर्वांत प्रामाणिक नाटक माझ्या मते हेच आहे. प्रशांत दळवींच्या ‘चारचौघी’मध्ये विवाहाच्या चौकटीबाहेर तीन मुलींना वाढवणारी कणखर आई आहे, आणि त्यांच्याच ‘ध्यानीमनी’मध्ये तर एक बाई नसलेल्या मुलाला वाढवते, त्याचा डबा भरते, त्याच्यासाठी जागते. आपल्या नाशिकच्या प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी तुकारामांची गर्भार बायको आवली रंगमंचावर आणली, तिच्या पायात काटा रुतवला आणि तिची सेवा करायला प्रत्यक्ष रखुमाईला धाडले. दोघीच जणी, एक स्वयंपाकघर आणि रंगमंचावर कधीही न दिसणारे दोन थोर नवरे! त्या प्रयोगात माझ्या शेजारी बसलेल्या, बहुधा माझ्याच वयाच्या एका बाईंनी आवलीच्या तोंडच्या साध्या साध्या तक्रारींना इतक्या वेळा मान हलवली की मला नाटकाइतकेच त्यांच्याकडेही पाहावेसे वाटले.

पण या चारही नाटकांची दारे बघा. मूल मतिमंद असावे लागते, बाप दुसऱ्या बाईचा नवरा असावा लागतो, मूल मुळात नसावे लागते, किंवा नवरा तुकाराम असावा लागतो. काहीतरी असाधारण घडल्याशिवाय तिशीच्या आईबापांना रंगमंचावर प्रवेशच मिळत नाही. निरोगी मूल, बरा नवरा, बरी नोकरी आणि तरीही रोज रात्री न्हाणीघरात नळ सोडून पाच मिनिटे रडणारी बाई, तिचे नाटक अजून लिहिले गेलेले नाही. निदान माझ्या पाहण्या-वाचण्यात नाही.

वसंत कानेटकरांनीही आयुष्याचा मोठा काळ नाशिकमध्ये काढला, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने. त्यांचे ‘लेकुरे उदंड जाहली’ हे नाव समर्थांच्या दासबोधातून घेतलेले, पण नाटक मूल नसलेल्या जोडप्याचे, गाणारे आणि हसवणारे. समर्थांच्या त्या समासात लेकरे कशी एक रांगते, एक पोटात अशी घरभर होतात आणि त्यांना खायला घालता घालता संसारी माणूस कसा मेटाकुटीला येतो याचे जे वर्णन आहे, ते बोहल्यावरून पळून आलेल्या आणि आपल्या टाकळीला बारा वर्षे तप केलेल्या ब्रह्मचाऱ्याला इतके बिनचूक कसे साधले, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. ते असो. कानेटकरांचे याहून महत्त्वाचे नाटक म्हणजे १९७२ चे ‘हिमालयाची सावली’. महर्षी कर्व्यांच्या चरित्रावरून स्फुरलेल्या या नाटकातल्या नानासाहेब भानूंनी सगळे संस्थेला दिले, आणि घर व मुले बयोने ओढली. मुलांच्या मनात बापाबद्दल जो कडवटपणा साठला आहे तो नाटकात स्पष्ट दिसतो, बयोचा फटकळपणा आणि तिचे मोठेपणही दिसते. तथापि तिथेही मुले मोठी झालेली आहेत आणि हिशेब मागायला आलेली आहेत. ती लहान असताना बयोने एकेक दिवस कसा ढकलला हे आपण तिच्या आठवणींतून ऐकतो, पाहत नाही.

असे का होते याची काही कारणे अगदी व्यवहाराची आहेत. लहान मूल रंगमंचावर आणता येत नाही. दुपट्यात गुंडाळलेले गाठोडे तिसऱ्या रांगेपर्यंत खरे वाटते, त्यापुढच्या वयाचे मूल नट म्हणून हवे आणि ते दौऱ्यावर न्यायचे म्हणजे आफत. बालकलाकारांसाठी आता कायद्याचे नियमही आहेत: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको, सलग तीन तासांहून जास्त नको, आधी परवानगी हवी. हे नियम योग्यच आहेत. पण त्यामुळे मूल आतल्या खोलीत झोपलेले असणे किंवा आजोळी गेलेले असणे निर्मात्याला सोयीचे पडते. यावर उपाय नाही असे मात्र नाही. फ्रेंच लेखिका यास्मिना रेझा यांच्या २००६ सालच्या, इंग्रजीत ‘गॉड ऑफ कार्नेज’ नावाने गाजलेल्या नाटकात दोन मुलांची मारामारी होऊन एकाचे दात पडलेले असतात आणि त्यांचे आईबाप सभ्यपणे तोडगा काढायला जमलेले असतात. मुले एकदाही रंगमंचावर येत नाहीत. एका बापाचा फोन सारखा वाजत राहतो, सभ्यपणा हळूहळू गळून पडतो आणि चौघांपैकी प्रत्येक जण आपापल्या लग्नात किती एकटा आहे हे उघडे होते. मूल न दाखवताही पालकपण दाखवता येते, फक्त त्यासाठी लेखकाला ते माहीत असावे लागते.

आणि इथेच खरी अडचण आहे असे मला वाटते. नाटके लिहितो कोण? एकांकिका लिहितात ती महाविद्यालयीन मुले, विशी-बाविशीची. त्यांच्या लेखी आईबाप म्हणजे करिअरच्या आड येणारी, मार्क विचारणारी माणसे. व्यावसायिक नाटके लिहितात ते बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, ज्यांना आता आपल्या म्हातारपणाची चाहूल लागलेली असते. तिशीतला माणूस लिहीत नाही, कारण तो मूल झोपवत असतो. आणि तिशीतली बाई तर मुळीच लिहीत नाही. आपल्याकडे हौशी तालमी संध्याकाळी सात ते दहा या वेळात होतात, कारण तेव्हा सगळे कामावरून मोकळे होतात असे मानले जाते. पण ज्या घरात लहान मूल आहे तिथे सात ते दहा हीच दिवसातली सर्वांत आणीबाणीची वेळ असते. वरण-भात भरवायचा, अंगठा तोंडातून काढायचा, तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायची. माझ्याबरोबर स्पर्धेत उभ्या राहिलेल्या मुलींपैकी ज्यांना मुले झाली, त्या एकेक करून तालमींतून गळाल्या. कुणी त्यांना काढले नाही, कुणी वाईट वागले नाही, वेळच जुळेना एवढेच. त्यांच्या जागी नव्या मुली आल्या आणि त्या आईच्या भूमिकाही छान करतात. केसांना पांढरा रंग लावून.

यावर ज्येष्ठ वाचक म्हणतील, आणि आमच्या सोसायटीतही म्हणतात, की आम्ही चार-चार मुले वाढवली, कधी एकटे वाटायला वेळ मिळाला नाही, तुमच्या पिढीला सगळ्याचेच दुःख होते. या बोलण्यात तथ्य आहे, पण ते त्यांना वाटते त्या जागी नाही. तिवंध्यात किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत मूल रडले तर चार खोल्यांतून चार बायका बाहेर येत. त्यात टोमणे होते, सासुरवास होता, बाळंतिणीला पोटभर न मिळण्याचेही प्रसंग होते, आणि तो काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण मूल घ्यायला हात होते. आज माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात ते हात विकत घेतलेले आहेत, आणि ज्या मावशींचे ते हात आहेत त्या स्वतःचे मूल वस्तीतल्या शेजारणीकडे ठेवून सकाळी आठला आमच्या दारात उभ्या असतात.

या संदर्भात नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ची आठवण येते. १८७९ च्या त्या नाटकात नोरा तीन मुलांना मागे ठेवून घराबाहेर पडते. हे इतके असह्य झाले की जर्मनीत एका नामांकित अभिनेत्रीने तसा शेवट करायला नकार दिला, आणि मुलांना पाहून नोरा घरातच थांबते असा दुसरा शेवट खुद्द इब्सेनला नाइलाजाने लिहून द्यावा लागला. त्या शेवटाचा त्याला पुढे संतापच होता. या सगळ्या वादाबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. पण त्याच नाटकात मुलांना सांभाळणारी अॅन-मरी नावाची दाई आहे. नोराला वाढवायची नोकरी मिळावी म्हणून तिने आपली स्वतःची मुलगी परक्यांकडे सोडली होती, आणि नाटकात ती हे दोन-चार वाक्यांत, जवळजवळ सहज सांगून टाकते. तिच्या बाहेर पडण्याने युरोप हादरला नाही. नाशिकच्या एखाद्या लेखकाला पालकपणाच्या एकटेपणावर खरोखरच लिहायचे असेल, तर फ्लॅटमधल्या बाईबरोबर त्या मावशीलाही तेवढ्याच वाक्यांचा हक्क द्यावा लागेल. तसे नाटक अवघड होईल, प्रेक्षकांना ते बोचेलही. आमच्यासारख्यांनाच जास्त.

घोषणेची गोष्टही सांगायला हवी. तिसऱ्या घंटेच्या आधी ध्वनिक्षेपकावरून विनंती होते की मोबाइल बंद ठेवावेत आणि लहान मूल रडल्यास त्याला ताबडतोब बाहेर घेऊन जावे. ही विनंती रास्त आहे. स्वतः रंगमंचावर उभे राहिल्यामुळे एका रडण्याने सगळा प्रवेश कसा ढासळतो हे मला माहीत आहे. फक्त ती ऐकणारी जोडपी ठरवून टाकतात की पुढची पाच वर्षे आपण यायचेच नाही, आणि पाच वर्षांनी सवय मोडलेली असते. प्रेक्षक कुठे गेले याचे निम्मे उत्तर तिथे आहे.

माझ्या सूचना थोड्या आणि व्यवहारातल्या आहेत. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी नव्या संहितांच्या शोधात असणाऱ्या आपल्या हौशी संस्थांनी एक तरी वर्ष तालमी रविवारी सकाळी ठेवून बघाव्यात आणि तालमीच्या शेजारची खोली मुलांसाठी उघडी ठेवावी; तिथे आळीपाळीने एक जण बसला तरी पुरे. संहिता नसेल तर आधी लेखनाची बैठक घ्यावी, जिला तिशी-चाळिशीतल्या आया आणि बाप आपापल्या घरातले प्रसंग घेऊन येतील. पूर्ण नाटक लिहायची सवड त्यांना नाही, पण दहा मिनिटांचा प्रवेश मूल झोपल्यावर लिहिता येतो, आणि असे सहा-सात प्रवेश एकत्र गुंफण्याचे काम अनुभवी दिग्दर्शकाला अशक्य नाही. पाळीवरून आलेला नवरा आणि पाळीला निघालेली बायको यांचा जिन्यातला प्रवेश तर मी स्वतः लिहायला घेतला आहे. नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी महिन्यातून एखादा प्रयोग असा जाहीर करावा, की ज्यात मूल रडले तरी चालेल. त्या प्रयोगाचे तिकीट कमी ठेवावे आणि नटांना आधी कल्पना द्यावी. नट तक्रार करतील, मीही केली असती, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला सवय होईल.

परशुराम साईखेडकर नाट्यगृहात किंवा अन्यत्र अशा लेखन-बैठकीसाठी एखादी सकाळ द्यायला कुणी संस्था तयार असेल, तर आपल्या दैनिकाने ही माहिती ‘शहरात आज’ अशा स्वरूपाच्या सदरात ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे. वेळ शक्यतो अकरानंतरची असावी. त्याआधी आमच्यापैकी कुणालाही घराबाहेर पडणे जमत नाही.

आपली नम्र,
एक नाट्यप्रेमी वाचक,
इंदिरानगर, नाशिक